४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येची परीक्षा

गणिताच्या तासाला फळ्यावर दहा आंकडी संख्या दिसली कीं वर्गांतील कित्येक चेहरे उतरतात, हें आम्ही नित्य पाहतों. तरीहि या लेखांत आम्हीं तशाच एका संख्येची ओळख करून देण्याचें योजिलें आहे. ती संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होय. वाचावयाची ती चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लक्ष, सदुसष्ट हजार, दोनशें सत्याण्णव अशी. हिच्या बाबतींत एका थोर गणितज्ञाचा तर्क चुकला, व ती चूक दाखविणाऱ्या दुसऱ्या गणितज्ञानें विचाराची एक नवी वाट दाखविली. आमच्या अध्यापनांतील एक चूकहि आम्हांस हिच्यामुळेंच कळून आली. ती यथास्थळीं सांगूं.

संख्येची घडण

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट विद्यार्थिमित्रांनीं ऐकली असेलच. पहिल्या घरांत धान्याचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें प्रत्येक घरीं दुप्पट करीत गेलें म्हणजे राजाचीं कोठारें रितीं होतात. अर्धा पट संपवून आपण तेहतिसाव्या घरीं आलों, कीं त्या एकट्या घरांत ४,२९,४९,६७,२९६ दाणे ठेवावे लागतात. हा दोनाचा ३२ वा घात होय. त्यांत आणखी एक दाणा टाकला म्हणजे आमची संख्या तयार झाली.

आतां प्रश्न असा, कीं ही संख्या मूळ आहे कीं संयुक्त? एकाहून मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, तिला मूळ संख्या म्हणतात; जसें ७, १३, ४१. जिचे याहून लहान अवयव पडतात ती संयुक्त. जसें ९१, कारण ती ७ आणि १३ यांचा गुणाकार आहे. प्रश्न विचारावयास सोपा. परंतु आमच्या संख्येपुरतें त्याचें उत्तर मिळावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

फर्माचा तर्क

पिएर द फर्मा हा सतराव्या शतकांतील फ्रेंच विद्वान् तुलूझ येथील न्यायसभेंत अधिकारी होता. गणित हा त्याचा पेशा नव्हे; न्यायदानाच्या कामांतून उरलेला वेळ तो त्यांत घालवी व आपले शोध मित्रांस पत्रांतून कळवी. इ. स. १६४० मध्यें लिहिलेल्या पत्रांत त्यानें पुढील संख्यांकडे लक्ष वेधलें :

दोनाचा १ ला घात अधिक १ = ३
दोनाचा २ रा घात अधिक १ = ५
दोनाचा ४ था घात अधिक १ = १७
दोनाचा ८ वा घात अधिक १ = २५७
दोनाचा १६ वा घात अधिक १ = ६५,५३७

येथें घातांक १, २, ४, ८, १६ असे दुपटीनें वाढत आहेत. मधले घातांक घेतले तर काम बिघडतें. तिसऱ्या घातानें ९, पांचव्यानें ३३, सहाव्यानें ६५ व सातव्यानें १२९ या संख्या येतात, आणि त्या सर्व संयुक्त आहेत. परंतु वरच्या पांचहि संख्या मूळ आहेत. ६५,५३७ ची खात्री करून घेण्यास २५६ च्या आंतील ५४ मूळ संख्यांनीं भागून पाहिलें म्हणजे पुरे होतें. कारण संयुक्त संख्येचा निदान एक अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतो.

या पांच उदाहरणांवरून फर्मानें असा तर्क केला, कीं या मालिकेंतील सर्वच संख्या मूळ असल्या पाहिजेत. सहावी संख्या म्हणजे दोनाचा ३२ वा घात अधिक १, अर्थात् आमचीच संख्या. फर्माला न्याय देण्यासाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपणांस याची सिद्धता सांपडलेली नाहीं, हें त्यानें १६४० सालींच मोकळेपणानें लिहिलें होतें. आणि १६५४ मध्यें पास्काल यास लिहितांनाहि त्यानें हीच कबुली देऊन सिद्धता शोधण्याची विनंती केली. तथापि या नियमाच्या खरेपणाविषयीं त्याच्या मनांत शंका नव्हती.

वर्गांतील एक प्रसंग

आम्हीं अध्यापनास आरंभ केला त्या पहिल्या वर्षींची गोष्ट. वरील पांच संख्या फळ्यावर लिहून आम्हीं वर्गाला विचारलें, "सहावी संख्या मूळ असेल कीं नाहीं?" झाडून सारे हात वर झाले व "असेल" असा एकच घोष झाला. तसा तो व्हावा हीच आमची इच्छा होती. कारण त्यानंतर खरें उत्तर सांगून वर्गाला चकित करावयाचें आम्हीं घरूनच ठरवून आलों होतों. परंतु मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें हात वर केला नाहीं. कारण विचारतां तो उभा राहून म्हणाला, "सर, अजून भागून पाहिलेलें नाहीं. मी भागून पाहूं का?"

तास संपत आला होता. आम्हीं म्हणालों, "भागीत बैस, तोंवर तुझी शालान्त परीक्षा उरकेल!" वर्ग खो खो हंसला. तो विद्यार्थी खालीं बसला. मग आम्हीं, हें कोडें सोडविण्यास ऑयलरसारखी अलौकिक बुद्धि लागली, असें सांगून वर्ग सोडला. परंतु उत्तर पुढील तासासाठीं राखून ठेवलें, आणि तो पुढील तास परीक्षेच्या कामांत बुडाला.

चार दिवसांनीं त्या विद्यार्थ्याचे वडील शाळेंत आले. मुलगा रात्रीं उशिरापर्यंत जागून आंकडे मांडतो. हा अभ्यास परीक्षेचा आहे काय, असें त्यांनीं विचारलें. परीक्षेला यांतील कांहीं येणार नाहीं, असें आम्हीं सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प राहिले व "मग चालूं द्या, वाईट तर कांहीं करीत नाहीं ना?" एवढें बोलून गेले.

आठव्या दिवशीं मुलानें आपली वही आमच्या टेबलावर ठेवली. प्रथम त्यानें शाळेंत शिकविलेल्या कसोट्या लावल्या होत्या. संख्येचा शेवटचा आंकडा ७, म्हणून २ नें व ५ नें भाग जात नाहीं. आंकड्यांची बेरीज ५९, म्हणून ३ नें जात नाहीं. एकाआड एक आंकड्यांच्या दोन बेरजा ३८ व २१. त्यांचें अंतर १७, म्हणून ११ नें जात नाहीं. तेथून पुढें पाठ्यपुस्तकाच्या शेवटीं असलेली मूळ संख्यांची यादी समोर ठेवून ७ नें भागाकार, १३ नें भागाकार, १७ नें भागाकार, असा त्याचा क्रम चालला होता. कित्येक ठिकाणीं खाडाखोड होती. कांहीं भागाकार दोनदां केलेले होते. शेवटच्या पानावर भाजक ६४१ होता. भागाकार ६७,००,४१७ आला होता, आणि बाकीच्या जागीं एक शून्य.

मूळ संख्यांच्या यादींत ६४१ ही ११६ वी संख्या आहे. चार संख्या कसोट्यांनीं वगळल्यामुळें त्याला ११२ भागाकार करावे लागले. संख्येचें वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित् अधिक आहे व त्याच्या आंत एकंदर ६,५४२ मूळ संख्या आहेत. म्हणजे आमची संख्या खरोखर मूळ असती, तर कसोट्यांनीं वगळलेल्या चार सोडून त्या सर्वांनीं त्याला भागावें लागलें असतें, आणि वाट कोठें संपेल हें त्याला ठाऊक नव्हतें. तरी तो निघाला होता. जें अलौकिक बुद्धीचें काम म्हणून आम्हीं वर्गाला सांगितलें होतें, तें एका चिकाटीच्या मुलानें आठ रात्रींत केलें होतें.

ऑयलरची रीति

मग ऑयलरचें श्रेय तें कोणतें? तेंच आतां पाहूं.

इ. स. १७२९ च्या डिसेंबरांत गोल्डबाख नांवाच्या गणितज्ञानें सेंट पीटर्सबर्ग येथें असलेल्या लेओनार्ड ऑयलरला फर्माच्या या तर्काविषयीं पत्रानें विचारलें. ऑयलर त्या वेळीं बावीस वर्षांचा होता. आरंभीं त्यानें तें फारसें मनावर घेतलें नाहीं. परंतु गोल्डबाखनें पिच्छा सोडला नाहीं. अखेर १७३२ सालीं पंचविसाव्या वर्षीं ऑयलरनें जाहीर केलें, कीं सहावी संख्या मूळ नसून तिला ६४१ नें निःशेष भाग जातो. पुढें एका निबंधांत त्यानें या भाजकाकडे नेणारा नियमहि सिद्ध केला. तो नियम असा : आमच्या संख्येचा कोणताहि मूळ अवयव घ्या, त्यांतून १ वजा केला असतां जें उरतें, त्याला ६४ नें निःशेष भाग जातो.

हें कां, याचें बीज एका लहान उदाहरणावरून समजेल. १७ हा भाजक घ्या आणि दोनाचे घात क्रमानें १७ नें भागून बाक्या लिहा. त्या २, ४, ८, १६, १५, १३, ९, १ अशा येतात व पुन्हा २ पासून तेंच चक्र सुरू होतें. चक्राची लांबी ८ आहे आणि ८ नें १६ ला, म्हणजे १७ उणे १ ला, भाग जातो. भाजक विषम मूळ संख्या असला म्हणजे चक्राची लांबी भाजक उणे १ हिला नेहमींच निःशेष भागते. आतां एखादी मूळ संख्या आमच्या संख्येची अवयव असेल, तर तिनें दोनाच्या ३२ व्या घाताला भागल्यास बाकी भाजकाहून एकानें कमी उरली पाहिजे, आणि मग ६४ व्या घातालाच बाकी १ येऊन चक्र पुरें होतें. चक्राची लांबी ६४. म्हणून भाजक उणे १ ला ६४ नें भाग गेलाच पाहिजे.

आश्चर्य हें, कीं चक्राविषयींचा हा मूळ सिद्धांत स्वतः फर्माचाच आहे व तोहि १६४० सालींचाच! कुलुपाची किल्ली त्याच्या खिशांत होती. परंतु कुलूप उघडून पाहण्याची गरज त्याला वाटली नाहीं.

या नियमानें किती श्रम वांचतात पहा. ६४ च्या पटींत १ मिळवून येणाऱ्या संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ या होत. यांपैकीं ६५, १२९, ३२१, ३८५ व ५१३ या संयुक्त असल्यानें गळतात. उरलेल्या पांचांनीं आमच्या संख्येला भागावें :

१९३ नें भागतां बाकी १०९
२५७ नें भागतां बाकी २
४४९ नें भागतां बाकी ३२५
५७७ नें भागतां बाकी २८८
६४१ नें भागतां बाकी ०

एकशें बारांच्या ठिकाणीं पांच भागाकार! थोर बुद्धीचें काम येथें आहे. ती श्रम टाळीत नाहीं. कोणते श्रम व्यर्थ जातील हें ती आधीं दाखविते. आणि शेवटचा भागाकार तिलाहि करावाच लागतो.

याच नियमानें ६७,००,४१७ हीहि मूळ संख्या असल्याचें ठरतें. तिचें वर्गमूळ २,५८८ च्या जवळ असल्यामुळें तपासावयाच्या संख्या थोड्याच उरतात. तेव्हां आमच्या संख्येचे ६४१ आणि ६७,००,४१७ हे दोनच मूळ अवयव आहेत. १८१२ सालीं लंडनमध्यें झेरा कोलबर्न नांवाच्या सुमारें आठ वर्षांच्या अमेरिकन मुलानें हेच अवयव मनांतल्या मनांत काढून सांगितल्याचें नमूद आहे. अशी देणगी विरळा. परंतु वहींतला भागाकार सर्वांस साध्य आहे.

पडताळ्याच्या दोन वाटा

पहिली वाट बाकीची. दोनाचा १६ वा घात ६५,५३६. त्याला ६४१ नें भागतां बाकी १५४ उरते. ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग आहे, म्हणून बाकीचाच वर्ग करावा : १५४ × १५४ = २३,७१६. याला ६४१ नें भागतां बाकी ६४०. तींत १ मिळविला कीं ६४१, म्हणजेच बाकी शून्य. दहा आंकडी संख्येला हात न लावतां काम झालें.

दुसरी वाट अधिक सुंदर आहे. ६४१ ही संख्या दोन प्रकारें लिहितां येते :

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

दुसऱ्या ओळीवरून १६ म्हणजे ६४१ उणे ६२५. आतां दोनाचा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले दोनाचा २८ वा घात. हा २८ वा घात २६,८४,३५,४५६ आहे. १६ च्या जागीं ६४१ उणे ६२५ लिहा. पहिला भाग ६४१ × २६,८४,३५,४५६ झाला. यांत ६४१ उघडच आहे. वजा होणारा भाग ६२५ × २६,८४,३५,४५६ हा आहे. परंतु ६२५ हा ५ चा चौथा घात व २६,८४,३५,४५६ हा १२८ चा चौथा घात. म्हणून हा गुणाकार ६४० चा चौथा घात झाला. आमच्या संख्येंत वर १ मिळवावयाचा आहे. म्हणजे पहिल्या भागांतून '६४० चा चौथा घात उणे १' एवढें वजा करावयाचें. दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव तुम्हांस येतातच. ते दोनदां पाडले असतां :

६४० चा चौथा घात उणे १ = (६४० चा वर्ग + १) × (६४० + १) × (६४० − १)

मधल्या कंसांत ६४१ आहे! दोन्ही भागांस ६४१ नें भाग जातो, म्हणून त्यांच्या वजाबाकीसहि जातो. भागाकार हवा असल्यास ४,०९,६०१ × ६३९ = २६,१७,३५,०३९ हे २६,८४,३५,४५६ मधून वजा करा; ६७,००,४१७ उरतात. वहींत हें एकदां स्वतः लिहून पहावें. वाचून जो आनंद होतो त्याहून लिहून होणारा आनंद निराळा आहे.

भूमितीशीं नातें

या संख्यांचा उपयोग काय, असें पालकांपैकीं कोणी विचारतील. इ. स. १७९६ च्या मार्च महिन्यांत जर्मनींतील अठरा वर्षांच्या गाउसनें दाखविलें, कीं केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्यानें सतरा समान बाजूंचा सुसम बहुभुज काढतां येतो. तीन व पांच बाजूंची कृति प्राचीन ग्रीकांस ठाऊक होती. सतरा बाजूंची दोन हजार वर्षें कोणास सुचली नव्हती. ३, ५, १७ या फर्माच्याच संख्या आहेत, आणि २५७ व ६५,५३७ बाजूंचे बहुभुजहि याच कारणानें काढतां येतात. आमची संख्या मूळ असती तर तीहि या पंक्तींत बसली असती. तिचे अवयव पडल्यामुळें ती बाहेर राहिली. मात्र तिच्याहून दोननें लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही फर्माच्या पांचहि मूळ संख्यांचा गुणाकार असल्यामुळें तितक्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढतां येतो. हीच संख्या संगणकाच्या ३२ द्विमान अंकांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याहि आहे.

पुढील इतिहास

मालिकेंतील पुढची संख्या, म्हणजे दोनाचा ६४ वा घात अधिक १, वीस आंकडी आहे. १८८० सालीं ऐंशी वर्षें उलटलेल्या लान्द्री नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें तिचा २,७४,१७७ हा अवयव शोधून काढला. त्यापुढील ३९ आंकडी संख्येचे अवयव १९७० सालीं संगणकाच्या साहाय्यानें पडले. घातांक १०,४८,५७६ असलेली संख्या संयुक्त असल्याचें १९८७ सालीं सिद्ध झालें. परंतु तिचा एकहि अवयव अद्याप कोणास सांपडलेला नाहीं. घातांक ८,५८,९९,३४,५९२ असलेल्या संख्येंत अडीच अब्जांहून अधिक आंकडे असून ती मूळ कीं संयुक्त हेंच अजून ठरलेलें नाहीं. आणि फर्माच्या पहिल्या पांच संख्यांनंतर या मालिकेंत सहावी मूळ संख्या आजवर मिळालेली नाहीं. जो नियम सर्वत्र लागू पडेल असें त्याला वाटलें, तो पांचांपुढें एकदांहि खरा ठरलेला दिसत नाहीं.

उपसंहार

पांच उदाहरणांत खरें ठरलें म्हणून सहाव्यांतहि खरें ठरेलच असें नाहीं, हा या संख्येचा पहिला धडा. तो फर्मासारख्यालाहि चुकला, तर आपण सावध असावें हें बरें. दुसरा धडा शिक्षकांसाठीं आहे व तो आम्हांस आमच्या विद्यार्थ्यानें दिला. त्या दिवशीं वर्गांत "असेल" म्हणणारे सारे चूक होते, "नसेल" असें कोणी म्हणालें नव्हतें, आणि "भागून पाहूं का?" असें विचारणारा एकटाच बरोबर होता. त्याला आम्हीं हंसलों. वही पाहिल्यावर आम्हीं त्याला एकांतांत शाबासकी दिली. परंतु ज्या वर्गासमक्ष त्याची थट्टा केली, त्या वर्गासमक्ष आपली चूक कबूल करण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. तें राहिलेलें काम आज या पानांवर करीत आहों. तो विद्यार्थी आतां मोठा झाला आहे. हा अंक त्याच्या हातीं पडला तर त्यानें आम्हांस क्षमा करावी.

विद्यार्थिमित्रांनीं मात्र लाजूं नये. शंका आली तर विचारावें, आणि शिक्षक हंसले तरी भागून पहावें.

अभ्यासासाठीं

१. ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ हा गुणाकार करा व तो आमच्या संख्येहून किती लहान आहे तें लिहा.

२. लान्द्रीच्या २,७४,१७७ मधून १ वजा करून बाकीला १२८ नें भागून पहा. ऑयलरच्या नियमाशीं याचा संबंध सांगा.

३. एखादी संख्या घेऊन तिच्या वर्गांत तीच संख्या व ४१ मिळवा. ० पासून आरंभ केल्यास ४१, ४३, ४७, ५३ अशा मूळ संख्या येत राहतात. हा क्रम कायम टिकतो काय? टिकत नसल्यास प्रथम कोठें तुटतो? तर्कानें उत्तर देऊं नका, भागून पहा.